मार्गशीर्षातली नवरी, पौषातली नवरी

आषाढ शुद्ध एकादशीला देव झोपी जातात आणि कार्तिक शुद्ध एकादशीला जागे होतात, अशी आपल्याकडची श्रद्धा आहे. देव निजलेले असताना लग्ने लागत नाहीत. द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत केव्हातरी अंगणातल्या तुळशीचे लग्न लावले जाते आणि त्यानंतर माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. कार्तिकाचा उत्तरार्ध आणि मार्गशीर्ष ही हिवाळ्यातल्या लग्नसराईची पहिली फेरी. मग पौष येतो. सूर्य धनु राशीत असतो, महिना भाकड मानला जातो, आणि जोशी पंचांग मिटून ठेवतो. माघात सराई पुन्हा सुरू होते.

या नियमामागची धर्मशास्त्रीय कारणे बाजूला ठेवली तरी त्यातला व्यवहार लपत नाही. चातुर्मास म्हणजे पावसाळा. नद्यांना उतार नसे, गाडीवाटा चिखलात बुडालेल्या असत, वऱ्हाड नेणार कसे? घरात गेल्या सालचे धान्य तळाला गेलेले असे आणि नवे अजून शेतात उभे असे. दिवाळीनंतर बाजरी घरात येई, वाटा वाळत आणि उसनवारी मागायला लोकांच्या घरी काहीतरी असे. शेतकरी कुटुंबांना त्याहूनही वैशाख-ज्येष्ठ सोयीचा, कारण तेव्हा रान मोकळे आणि हात रिकामे. पण शहरगावातल्या पांढरपेशा घरांना मार्गशीर्षातले लग्न मानवत असे. उन्हाचा त्रास नाही, अन्न विटत नाही, पंगती सावकाश उठतात.

हे सारे सोयीचे खरे, पण कोणाच्या सोयीचे, असा प्रश्न आम्ही येथे विचारू इच्छितो. लग्नाची आखणी हा आपल्याकडे इतक्या जणांचा विषय आहे की, जिचे लग्न ती त्या आखणीत कोठे बसते याकडे इतिहासाने फारसे लक्ष दिलेले नाही. १८७३ चा पुण्यातला हिवाळा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्या एका हिवाळ्यात, काही आठवड्यांच्या अंतराने, दोन लग्ने झाली. एक जुन्या रीतीप्रमाणे, आणि दुसरे त्या रीतीलाच नकार देणारे.

तयारी कशाला म्हणत

त्या लग्नांकडे वळण्यापूर्वी लग्नाची तयारी म्हणजे काय असे, हे थोडक्यात आठवणे बरे. सोयरीक ठरली की 'याद' होई. कोणी काय द्यायचे, कोणाला कोणता मान, किती पाने उठायची, वऱ्हाडाला किती गाड्या, हे सारे कागदावर येई. ही याद पुरुष करत. मग बायकांचे काम सुरू होई. चांगला दिवस पाहून जाते आणि मुसळ पुजले जाई, सुवासिनींच्या हातून हळकुंडे फोडली जात, आणि त्या दिवसापासून दळण, कांडण, पापड, सांडगे, शेवया यांना उसंत नसे. हिवाळ्यातल्या लग्नाला हळद जुनी असे, कारण नवी हळद शेतातून निघायला माघ-फाल्गुन उजाडतो. मोगऱ्याचे गजरेही नसत, तो उन्हाळ्याचा मानकरी. मार्गशीर्षातली वेणी शेवंतीची. नातलगांकडची केळवणे आणि रुखवताची जमवाजमव एकीकडे चालूच असे. आदल्या दिवसापर्यंत घाणा भरणे आणि हळद एवढे आटोपलेले असे, आणि थंडीच्या पहाटे अंगाला हळद लावून घेतलेली मुलगी कुडकुडत नाहायला बसे.

नवरी मुलीची म्हणून जी तयारी होती ती याहून वेगळी, आणि ती बहुतेक तोंडीच होती. सासरी कसे बसावे, कोणासमोर बोलू नये, नवऱ्याचे नाव उखाण्यात कसे घ्यावे, सासूने काही म्हटले तर मान कशी खाली घालावी, हे शिक्षण तिला महिनाभर आया, आत्या आणि शेजारणी देत. लग्नाच्या दिवशी ती पिवळे वस्त्र नेसून गौरीहरापाशी बसे आणि मामा घेऊन जाईपर्यंत उठत नसे. बाहेर जोशीबुवा पाण्याच्या घंगाळात छिद्र पाडलेली तांब्याची वाटी सोडून घटिका मोजत. ती वाटी भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली. क्षण आला की अंतरपाट दूर होई. मंगलाष्टके इतर म्हणत, मंत्र भटजी म्हणत, दान बाप करी. सबंध विधीत नवरीला स्वतःचे असे वाक्य बोलायची वेळ क्वचितच येई. वयही असे असे की, वाक्य दिले असते तरी त्याचा अर्थ तिला कळता ना.

बायकांनी या तयारीविषयी जे म्हटले ते जात्यावर म्हटले. ओवीत लेकीच्या सासरच्या वाटेचे, मांडवाचे, भावाच्या येण्याचे सारे काही आहे. गेल्या काही दशकांत अभ्यासकांनी गावोगाव हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा या अलिखित दप्तराचा पसारा लक्षात आला. पण ओवी सहसा आईच्या किंवा बहिणीच्या तोंडची. मांडवात बसलेली ती आठ-दहा वर्षांची मुलगी तेथेही बहुतेक वेळा गप्पच.

मार्गशीर्ष

१८७३ च्या ऑक्टोबरात महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी सखूबाई क्षयाने वारल्या. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि पुण्यात न्यायखात्यात अधिकारी होते. विधवाविवाहाच्या चळवळीतले ते आघाडीचे नाव होते. १८६९ साली मुंबईत झालेल्या पुनर्विवाहाला पाठिंबा दिल्याबद्दल सनातन्यांचा रोषही त्यांनी ओढवून घेतलेला होता. आता ते स्वतः विधुर झाले. जे इतरांना सांगितले ते स्वतः करण्याची वेळ आली, अशीच सर्वांची समजूत होती.

ती समजूत त्यांच्या वडिलांचीही होती आणि त्यांना नेमकी तिचीच धास्ती होती. मुलगा एखाद्या विधवेशी लग्न करील या भीतीने गोविंदरावांनी विलक्षण घाई केली. देवराष्ट्रे हे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले गाव. तेथील कुर्लेकर घराण्यातले अण्णासाहेब आपल्या मुलीसाठी स्थळ शोधत होते. मुलीचे नाव यमुना, वय अकरा. रानड्यांनी विरोध केला, मुदत मागितली. मुलीच्या वडिलांना भेटून आपली मते, आपले सुधारकपण आणि त्यातून येणारे धोके सांगितले आणि त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. कोणीच मागे हटले नाही. अखेर पित्याच्या इच्छेपुढे पुत्राने मान तुकवली, आणि १८७३ साल सरण्यापूर्वी यमुनेची रमा झाली.

पंचांगाकडे पाहिले म्हणजे या घाईला आणखी एक धार असल्याचे दिसते. त्या वर्षी मार्गशीर्ष साधारण २० नोव्हेंबरला लागला आणि १९ डिसेंबरच्या सुमारास संपला. म्हणजे सखूबाईंचे दिवस झाल्यावर हाताशी असलेला काळ फार थोडा होता. तो चुकला असता तर मध्ये पौष आला असता, गोष्ट माघावर गेली असती, आणि तेवढ्या अवधीत मुलगा काय करून बसेल याचा भरवसा गोविंदरावांना नव्हता. सामान्यपणे मुहूर्त शुभासाठी पाहतात. येथे मुहूर्ताच्या कडेला येऊन ठेपलेला भाकड महिनाही वडिलांच्या बाजूने उभा राहिला असावा, असे आम्हास वाटते.

या साऱ्यात यमुनेची तयारी काय होती? पुढे १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकात रमाबाईंनी ती सांगितली आहे. सासरी जाताना वडिलांनी तिला उपदेश केला: सोसावे, उलट बोलू नये, कोणाच्या चहाड्या नवऱ्याच्या कानी घालू नयेत. एका अकरा वर्षांच्या मुलीला मोठ्या कुटुंबात टिकून राहण्यासाठी दिलेली ही शिदोरी होती, आणि ती देणाऱ्याच्या मायेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. लिहिणे-वाचणे मात्र त्या शिदोरीत नव्हते. ते कामाचे मानले गेले नव्हते.

लग्न झाल्यावर नवऱ्याने तिला जवळ बोलावून, आपले लग्न कोणाशी झाले, त्याचे नाव काय, हे विचारल्याचे त्या सांगतात. मग लिहिता-वाचता येते का, याची चौकशी झाली, आणि येत नाही असे कळल्यावर लगेच पाटी-पेन्सिल आली. म्हणजे यमुनेची जी तयारी लग्नाआधी व्हायला हवी होती, ती लग्नानंतर सुरू झाली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ती मान्य नव्हती. त्या शिकवणीपायी रमाबाईंना कित्येक वर्षे जो छळ सोसावा लागला त्याची हकीकत त्यांच्या पुस्तकात आहे, आणि ती वाचताना वडिलांचा तो 'सोसावे' हा शब्द पुन्हा पुन्हा आठवत राहतो.

पौष

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नको, हे समाजाचे मुख्य सूत्र. ते सूत्र रोजच्या जगण्यात आणायचे तर सर्वांत अवघड जागा लग्नाचीच होती. देवळात जाणे टाळता येते, पण लग्न टाळता येत नाही. आणि पुरोहितावाचून लागलेले लग्न हे लग्नच नव्हे, असे चारचौघे म्हणू लागले तर मुलीचा जन्म टांगणीला लागतो.

२५ डिसेंबर १८७३ या दिवशी पहिला सत्यशोधक विवाह झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा ग्यानोबा निंबणकर. वधूची आई बाजूबाई ही सावित्रीबाई फुल्यांची मैत्रीण. ब्राह्मण पुरोहित नव्हता, संस्कृत मंत्र नव्हते, हुंडा नव्हता, आणि खर्च पानसुपारीपुरताच होता, असे या लग्नाविषयी सांगितले जाते. या लग्नाच्या आखणीत सावित्रीबाईंचा पुढाकार होता. येथे याद करणाऱ्यांत एक स्त्री होती, हे आम्हास विशेष वाटते.

परंतु या लग्नातली एक गोष्ट क्वचितच कोणाच्या लक्षात येते. ती म्हणजे त्याची तारीख. २५ डिसेंबर हा नाताळचा दिवस म्हणून आपल्याला दिसतो. तत्कालीन पुणेकराला मात्र तो पौषातला दिवस म्हणून दिसला असणार. अमावास्या होऊन गेली होती, पौष शुद्ध पक्षाचे पहिले काही दिवस चालू होते, सूर्य धनु राशीत होता. ज्या दिवशी पुण्यातला कोणताही जोशी लग्नाचा मुहूर्त काढून देणार नाही, असा तो दिवस. तो मुद्दाम निवडला की सुटीचा म्हणून सोयीचा वाटला, हा प्रश्न आमच्या मते दुय्यम आहे. जोशाला विचारायचेच नाही असे एकदा ठरले की पौष आणि मार्गशीर्ष यांत फरक उरत नाही. घंगाळातली वाटी बुडण्याची वाट पाहायची नसली की कोणतीही घटका चालते. भटजीवाचून लग्न ही त्या घटनेची सांगितली जाणारी बाजू आहे. पंचांगावाचून लग्न ही तिची न सांगितली गेलेली बाजू होय.

ही केवळ प्रतीकाची गोष्ट नव्हती. ग्रामजोशी हे वतन होते. गावातल्या लग्नावर जोशाचा हक्क वंशपरंपरागत होता, आणि त्याला बोलावले नाही तरी दक्षिणा त्याला पोचली पाहिजे, असा दावा तो कोर्टात लावू शकत असे. पुढे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी आपल्या घरचे कार्य पुरोहितावाचून केले, तेव्हा त्यांच्यावर झालेला असा दावा गाजला. हा हक्क कायद्याने मोडायला १९२६ साल उजाडावे लागले. सी. के. बोले यांनी त्यासाठी मुंबईच्या कायदेमंडळात खटपट केली. राधाबाईंच्या लग्नानंतर अर्धशतकाहूनही अधिक काळ लग्नाचा दिवस आणि लग्नाचा मंत्र हे दुसऱ्याच्या मालकीचे राहिले, असा याचा अर्थ होतो.

पानसुपारीचा हिशेब

खर्चाचा मुद्दाही जरा निरखून पाहायला हवा. १८७३ चा हिवाळा दख्खनच्या शेतकऱ्याला कठीण होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले होते, सारा मात्र वाढत होता, आणि सावकाराच्या वह्या फुगत होत्या. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात कर्जखते जाळण्याचे जे उठाव सुरू झाले त्यांची पूर्वतयारी याच वर्षांत होत होती. कुणबी कर्जबाजारी का होतो, याचे साहेबलोकांचे आवडते उत्तर 'लग्नात उधळपट्टी करतो म्हणून' हे होते. उठावांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगालाही या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे असे म्हणावे लागले; रोजच्या गरजेपोटी काढलेली लहान लहान कर्जे आणि त्यांवरचे व्याज हेच खरे दुखणे होते. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जोतीरावांनीही या आरोपाचा समाचार घेतला.

मग त्यांनीच लग्नाचा खर्च पानसुपारीवर का आणला? आम्हास यात विसंगती दिसत नाही. शेतकरी उधळ्या आहे म्हणून त्याला काटकसर शिकवावी, हा सरकारी सूर होता. त्याच्या घासातला हिस्सा कोणाकडे जातो ते दाखवावे आणि तो देणे थांबवावे, हा समाजाचा सूर होता. दोहोंत बचत एकच, पण पहिल्यात दोष शेतकऱ्याच्या माथी येतो आणि दुसऱ्यात तो दक्षिणा घेणाऱ्याच्या. आणि ज्या घरात लग्नाच्या कर्जाचा बोजा नसतो, तेथे सुनेला त्या कर्जाचे टोमणेही ऐकावे लागत नाहीत, हेही विसरून चालणार नाही.

नवरीच्या तोंडी वाक्य

पहिला विवाह झाला तेव्हा समाजाचा विधी छापील स्वरूपात नव्हता. तो १८८७ साली आला. 'सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजा-विधी' या छोट्या पुस्तकात जोतीरावांनी मराठी मंगलाष्टके रचली आणि ती वराने आणि वधूने आलटून पालटून म्हणायची अशी योजना केली. त्यात वधू वराला सांगते की, आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, आणि तो हक्क देण्याची शपथ आज तू घे. हे ती मांडवात, जमलेल्या सोयऱ्यांसमोर म्हणते, आणि वर ते कबूल करतो. गौरीहरापाशी मुकाट बसणाऱ्या मुलीच्या हाती विवाहविधीचे एक पान आले. आमच्या मते त्या पुस्तिकेतली सर्वांत मोठी घटना हीच. पुरोहित वगळणे ही तिच्या आधीची पायरी.

विधी बदलल्याने वय मात्र लगेच बदलले नाही, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहावरची आपली टिपणे प्रसिद्ध केली आणि त्यांवर सरकारने मते मागवली, तेव्हा जोतीरावांनी सुचवलेली मर्यादा मुलांसाठी एकोणीस आणि मुलींसाठी अकरा वर्षांची होती. अकरा म्हणजे यमुना कुर्लेकरचे लग्नाच्या वेळचे वय. त्या काळातल्या सर्वांत धीट माणसाने मागितलेली किमान मर्यादा, आणि सनातनी घाईने उरकलेल्या लग्नातल्या मुलीचे वय, ही एकाच आकड्यावर येऊन मिळतात. हे जोतीरावांना उणेपणा आणण्यासाठी आम्ही सांगत नाही. बाजूला पाळण्यातली लग्ने होत असताना अकरा हा आकडाही किती दूरचा होता, ते कळावे म्हणून सांगतो. १८७२ च्या तिसऱ्या कायद्याने मुलीला चौदा वर्षांची अट घातली होती खरी, पण त्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू नाही असे लिहून द्यावे लागे, आणि तेवढे करायला तयार असणारे फार थोडे होते.

म्हणूनच ४ फेब्रुवारी १८८९ चे लग्न आम्हास महत्त्वाचे वाटते. जोतीराव-सावित्रीबाईंचा दत्तक पुत्र यशवंत आणि हडपसरच्या ग्यानोबा ससाण्यांची कन्या राधा यांचा हा विवाह. दिवस पुन्हा हिवाळ्याचेच, माघाचे. आदल्या जुलैत जोतीरावांना पक्षाघात झालेला होता. अशा घरात सून आणताना सावित्रीबाईंनी जी तयारी केली ती आजच्या वाचकालाही चकित करील. लग्नाआधीच त्यांनी मुलीला घरी राहायला आणले, तिला हे घर आणि हा मुलगा यांची ओळख व्हावी म्हणून. तिला अभ्यासाला वेळ मिळावा यासाठी घरकाम त्या स्वतःच्या अंगावर घेत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. लग्नाआधी मुलगी सासरी जाऊन राहिली यावर तेव्हा काय बोलले गेले असेल ते सांगायला नको. नवरीची तयारी म्हणजे तिला सोसायला शिकवणे, ही रीत येथे प्रथमच उलटी झाली. घरानेच तिच्यासाठी तयारी केली.

कोणी लिहिले, कोण राहिले

येथवर हिशेब सोपा दिसतो. मार्गशीर्षातले लग्न जुने, पौषातले नवे. एक नवरी मुकी, दुसरीला शब्द मिळाला. पण इतिहास इतका सरळ हिशेब कोणालाच देत नाही.

मार्गशीर्षातल्या नवरीने पुढे लिहिले. पाटीवर अक्षरे गिरवण्यापासून सुरुवात करून ती सभांतून बोलू लागली, १९०९ साली पुण्यात सेवासदनाची उभारणी तिच्या नेतृत्वाखाली झाली, आणि आपल्या लग्नाची, त्यातल्या घाईची, नवऱ्याच्या मनातल्या क्लेशाची आणि सासरच्या बोलण्यांची हकीकत तिने अशा मराठीत सांगितली की शंभरावर वर्षांनंतरही ती वाचली जाते. पौषातल्या नवरीचे, राधाबाई निंबणकरांचे, एकही वाक्य आपल्यापर्यंत आलेले नाही. त्या दिवशी त्यांना भीती वाटली का, जोशी नाही म्हणून आजी रडली का, शेजारणींनी हळद लावायला यायचे नाकारले का, पुढे कोणी त्यांच्या लग्नाला 'ते कसले लग्न' म्हणून हिणवले का? लग्नाच्या नोंदीत त्या फक्त एक नाव आहेत, आणि तेही नवऱ्याच्या नावाशेजारचे.

याचे कारण उघड आहे. रमाबाईंच्या लग्नात रीत जुनी होती, पण घरात पुस्तके होती, पगार होता, शिकवणारा नवरा होता आणि लिहिलेले छापणारे लोक होते. राधाबाईंच्या लग्नात रीत नवी होती, पण बाकीचे काहीच नव्हते. विधी बदलल्याने माणसाला प्रतिष्ठा मिळते. स्मृती टिकायला लेखणी आणि फुरसत लागते, आणि ती त्या काळी जातीच्या उतरंडीप्रमाणे वाटलेली होती. सनातन्यांच्या दबावाखाली झालेल्या लग्नातून एक लेखिका घडली, म्हणून त्या दबावाचे समर्थन होत नाही. तसेच राधाबाईंचे लिखाण नाही म्हणून त्यांच्या लग्नाचे मोल कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवणे जरा जड जाते, इतकेच.

तिसरीचे नाव येथे घेतलेच पाहिजे. रखमाबाईंचे लग्नही अकराव्या वर्षी झाले होते. १८८४ साली नवऱ्याने त्यांना नांदायला आणण्यासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हा मला कळत नसताना, माझ्या संमतीवाचून झालेले लग्न मला बांधत नाही, ही भूमिका त्यांनी घेतली. १८८५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. १८८७ साली तो फिरला, आणि नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले गेल्यावर त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे १८८८ साली तडजोड झाली. समाजोक्त विधीची पुस्तिका आणि रखमाबाईंविरुद्धचा निकाल एकाच वर्षातले आहेत. एका बाजूला नवरीच्या तोंडी वाक्य घातले जात होते, दुसऱ्या बाजूला तिने ते आपणहून उच्चारले म्हणून तिला तुरुंग दाखवला जात होता.

त्यानंतरचा प्रवास कायद्याच्या पुस्तकांत आहे. १८९१ चा संमतिवयाचा कायदा, १९२९ चा सारडा कायदा आणि त्यातली चौदा वर्षांची मर्यादा, १९७८ ची अठरा वर्षांची. आकडे चढत गेले आणि मांडवात बसणारी मुलगी हळूहळू बाई झाली.

आता पौषही पूर्वीसारखा भाकड राहिलेला नाही. कार्यालय मिळत नाही, परदेशातल्या मुलाची सुटी डिसेंबरातच असते, म्हणून पंचांगकर्ते गौणकालातले काढीव मुहूर्त देतात आणि लोक ते घेतात. दीडशे वर्षांपूर्वी ज्या महिन्यात लग्न लावायला धैर्य लागत होते, तेथे आता फक्त आगाऊ रक्कम भरावी लागते. नवरीची तयारीही फार वाढली आहे. शालू, दागिने, मेंदी, प्रसाधन, छायाचित्रे, यांच्या याद्या महिनोन्महिने चालतात आणि त्या बहुतेक तिच्याच हातच्या असतात. यात वाईट काही नाही. थंडीतले लग्न, शेवंतीची वेणी आणि सावकाश उठणारी पंगत यांचा आनंद आम्हासही आहे.

परंतु यादीत आणखी एक ओळ असते, आणि ती कोणाच्या हातची आहे हे पाहायला हवे: लग्न करायचे की नाही, कोणाशी, केव्हा, कोणत्या जातीत, आणि त्यानंतर शिकायचे की सोसायचे. मुलगी सज्ञान आहे, पदवीधर आहे, कमावती आहे. तरीही ही ओळ अनेक घरांत अजून जुन्याच अक्षरात लिहिली जाते, आणि ती खोडून स्वतः लिहू पाहणाऱ्या मुलीला घरापासून तोडले जाते, कधी जिवाला मुकावे लागते. पौषातल्या त्या लग्नात जोशाला विचारले गेले नाही. तिला विचारावे, हा त्या नकाराचा दुसरा अर्धा भाग होता. पहिला अर्धा आपण सोयीपुरता स्वीकारला आहे; दुसऱ्याचे काय, हे यंदाच्या सराईत प्रत्येक घराने आपले आपण तपासावे.